शर्टाच्या खिशातला लाकडी ठोकळा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर, नेहमीसारखाच थोडा साफसूफ करून.

आजचा विषय माझ्या कामातून आलाय. आमच्या टीमला एका क्लायंटसाठी हँडहेल्ड निवडायचंय. दारोदार फिरून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेणारी माणसं ते वापरणार. निवडायचं म्हणजे काय, तर एक एक्सेल शीट आहे. रॅम, बॅटरी, स्क्रीनचा आकार, किंमत, पाण्यात पडलं तर चालेल का. कॉलमवर कॉलम. पण एका हाताने मीटरचं झाकण धरून, भर उन्हात, दुसऱ्या हाताने एक नोंद करायला किती सेकंद लागतात, हा कॉलम त्यात नाही. तो कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो. म्हणून म्हटलं, ही उपकरणं पहिल्यांदा आली तेव्हा लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला ते बघू.

1993 साली ॲपलने न्यूटन बाजारात आणला. किंमत 699 डॉलर. तुम्ही तुमच्या अक्षरात लिहा, तो वाचेल, असा वायदा होता. तो वाचायचाही, पण भलतंच काहीतरी. अमेरिकेत वर्तमानपत्रातल्या कार्टूनपासून टीव्हीवरच्या मालिकेपर्यंत त्याची टिंगल झाली, आणि 1998 मध्ये स्टीव्ह जॉब्सने तो बंदच करून टाकला. पण मला वाटतं, अक्षर ओळखण्याइतकीच मोठी अडचण त्याच्या आकाराची होती. तो खिशात मावत नव्हता. जी वस्तू घेऊन निघायचं की नाही याचा रोज सकाळी विचार करावा लागतो, ती काही दिवसांनी टेबलावरच राहते.

त्याच वर्षी जेफ हॉकिन्स नावाच्या इंजिनिअरचं झूमर नावाचं उपकरणही असंच आपटलं. हा माणूस या धंद्यात नवखा नव्हता. 1989 मधलं ग्रिडपॅड त्याचंच. पेनने फॉर्म भरायचं, जवळपास दोन किलोचं धूड, फिरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बनवलेलं. झूमर आपटल्यावर त्याच्या पाम या छोट्या कंपनीने, ज्यांनी ते विकत घेतलं होतं त्यांनाच विचारलं: तुम्ही याचं करता काय? उत्तरातून कळलं ते असं, की लोकांना खिशात कॉम्प्युटर नकोच होता. त्यांना कागदी डायरीच्या जागी काहीतरी हवं होतं, आणि त्यातलं सगळं घरच्या कॉम्प्युटरवरही दिसायला हवं होतं.

मग हॉकिन्सने गॅरेजमध्ये जाऊन लाकडाचा एक ठोकळा कापला. माप कशावरून घेतलं? स्वतःच्या शर्टाच्या खिशावरून. पेन म्हणून चॉपस्टिकचा तुकडा, आणि वर स्क्रीनची कागदी चित्रं चिकटवलेली. हा ठोकळा घेऊन तो मीटिंगांना जायचा. कोणी विचारलं की अमुक दिवशी मोकळा आहेस का, की साहेब खिशातून लाकूड काढणार, त्यावर टकटक करणार आणि मग उत्तर देणार. लोक काय म्हणत असतील ते सोडा! पण या नाटकातून त्याला कळत होतं की दिवसातून हे किती वेळा काढावं लागतं, कशासाठी काढावं लागतं, आणि कुठे एक टिचकी जास्त होते. एकही चिप न लावता त्याने उपकरण वापरून बघितलं होतं. आमच्या एक्सेल शीटला हे जमत नाही.

मार्च 1996 मध्ये पायलट आला. स्वस्तातलं मॉडेल 299 डॉलरला. मेमरी 128 केबी. केबी बरं का, एमबी नाही. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवता तो गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्यात मावेलच असं नाही. रंग नाही, आवाज म्हणजे फक्त बीप. दोन बारके सेल घातले की कित्येक आठवडे चालायचा. आत मुख्य गोष्टी चारच: तारखा, पत्ते, कामांची यादी, टिपणं. आणि इथे माझ्यातल्या इंजिनिअरला आवडणारी गोष्ट येते. त्यात 'सेव्ह' नावाचं बटणच नव्हतं. लिहिलं की राहिलं, कारण माहिती थेट मेमरीतच असायची. बटण दाबलं की क्षणात चालू. कागदी वही उघडायला वेळ लागत नाही ना, मग हिलाही लागता कामा नये.

अक्षर ओळखण्याचं कोडंही त्याने उलट्या बाजूने सोडवलं. मशीनने तुमचं अक्षर शिकण्याऐवजी तुम्हीच थोडी सोपी अक्षरं शिका. ग्राफिटी म्हणायचे त्याला. इंग्रजी ए काढताना मधली आडवी रेघ गाळायची, झालं. अर्ध्या तासात लोकांना जमायचं. (या लिपीवरून झेरॉक्सने नंतर कोर्टात खेचलं, आणि पायलट हे नाव पेनवाल्या पायलट कंपनीमुळे सोडावं लागलं. ती वेगळीच कथा.) आणि पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं की सगळं कॉम्प्युटरवर उतरायचं.

हे शेवटचं केवढं मोठं होतं ते आपल्याकडच्या डिजिटल डायऱ्या आठवल्या की कळतं. नव्वदच्या दशकात शहरातल्या प्रत्येक विमा एजंटाकडे आणि हौशी काकांकडे एक असायची. माझ्या वडिलांकडेही होती. त्यात दोनशे नंबर घालायचे आणि सेल बदलताना देवाचं नाव घ्यायचं. म्हणून शेजारी तेच नंबर लिहिलेली कागदी वही असायचीच.

भारतात या प्रश्नावर खरा विचार झाला तो बंगळुरात. भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतले लोक एकत्र आले आणि त्यांनी सिम्प्युटर केला. 2001 मध्ये त्याची जगभर चर्चा होती. किंमत 9,000 रुपयांच्या आसपास ठेवायची, लिनक्सवर चालवायचा, आणि वाचता न येणाऱ्यालाही चालावा म्हणून भारतीय भाषांत बोलणारा. प्रत्येकाला परवडणार नाही, तर गावात एकच असू दे. प्रत्येकाकडे स्वतःचं स्मार्ट कार्ड, ते घातलं की तुमची माहिती. 2004 मध्ये बाजारात आलेल्या अमिडा मॉडेलला तर हात हलवून पान उलटता यायचं. आयफोन यायला अजून तीन वर्षं होती!

विकले गेले मात्र काही हजारच. मला याची कारणमीमांसा फार ताणायची नाही, कारण काही वर्षांत स्वस्त मोबाइल आले आणि सगळाच खेळ बदलला. पण एक फरक डोळ्यात भरतो. पायलट ज्याच्या खिशात जायचा, तोच पैसे देणार होता. सिम्प्युटर ज्या शेतकऱ्यासाठी होता, तो दुकानात जाऊन तो मागणार नव्हता. त्याच्यासाठी कुठल्यातरी खात्याने तो घ्यायला हवा होता. याच मंडळींच्या कामातून पुढे लष्करासाठी 'साथी' नावाचं हँडहेल्ड झालं. तिथे खातं होतं.

आणि खातं घेतं तेव्हा काय होऊ शकतं, ते महाराष्ट्राने 2021 मध्ये पाहिलं. अंगणवाडी सेविकांना मुलांची वजनं, उंची, आहार, गरोदर बायांच्या नोंदी ठेवायला सरकारने मोबाइल दिले होते. आधी हे सगळं अकरा रजिस्टरांत चालायचं, त्यामुळे कल्पना चांगलीच होती. पण फोन 2 जीबी रॅमचे. ते तापायचे, अडकायचे, वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर वाद. त्यात नवं पोषण ट्रॅकर ॲप आलं, तेही इंग्रजीत. ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविका मोर्चाने सरकारी कार्यालयांत गेल्या आणि त्यांनी फोन परत केले. रजिस्टरं परवडली, म्हणाल्या.

वर्तमानपत्रांत काही ठिकाणी याचा सूर असा होता की बायकांना तंत्रज्ञान जमत नाही. मला हे अजिबात पटत नाही. या बाया घरी व्हॉट्सॲप चालवतात, बचतगटाचे हिशेब ठेवतात. त्यांनी केलं ते हॉकिन्सनेच केलं होतं: उपकरण कागदाशेजारी ठेवून बघितलं. कागद जिंकला. फरक इतकाच, की हॉकिन्सने हे कारखाना सुरू होण्याआधी केलं आणि सेविकांना ते फोन वाटून झाल्यावर करावं लागलं, कारण त्याआधी त्यांना कोणी विचारलंच नाही. इंग्रजी ॲपचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2023 च्या फेब्रुवारीतल्या संपातही नवे मोबाइल ही मागणी होतीच.

आमच्या शीटमध्ये मी आता एक कॉलम वाढवलाय, 'एका नोंदीला लागणारे सेकंद'. तो अजून रिकामा आहे. पुढच्या आठवड्यात दोन मीटर रीडरसोबत फिरायची परवानगी मागितलीय. मॅनेजर म्हणाले, त्यापेक्षा व्हेंडरकडून डेमो मागव. बघू. पुढच्या भागात सायन आणि त्याचा तो सुंदर कीबोर्ड. भेटूच.