कर्ण्यापुढचा तंबोरा

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवले, तेव्हा खोलीत मायक्रोफोन नव्हताच. होता तो कर्णा. गायिकेने त्याच्या तोंडाशी गायचे. आवाजाने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर खाच कोरायची. कोरण्याची सारी ऊर्जा गळ्यातूनच यायची.

अशा मुद्रणात कोणते वाद्य चालेल, हे संगीतकार नव्हे, कर्णा ठरवी. सुमारे २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढाच वारंवारतेचा पट्टा तबकडीवर नीट उतरे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलिनला धातूचा कर्णा बसवावा लागला, डबल बासऐवजी टुबा फुंकला जाऊ लागला. आपल्याकडे बळी गेला तो तंबोऱ्याचा. त्याच्या खर्जाचा मूळ स्वर पट्ट्याच्या खाली, तर जवारीतून उमटणारे कितीतरी उपस्वर पट्ट्याच्या वर! ‘स’ या व्यंजनाचा सीत्कारही बहुतांशी ४००० हर्ट्‌झच्या पुढचा. जुन्या तबकड्यांतील शब्द कळत नाहीत याचा दोष गायकांच्या उच्चारांना देणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

सुटका झाली ती टेलिफोनच्या संशोधनातून. ई. सी. वेंटे या अमेरिकन भौतिकीतज्ज्ञाने १९१७ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोनचे वर्णन प्रसिद्ध केले. ताणलेला धातूचा पडदा आणि त्यामागे अगदी जवळ एक स्थिर पट्टी, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले विद्युत धारित्रच. पडदा हलला की अंतर बदलते, धारकता बदलते आणि विद्युत संकेत मिळतो. गंमत अशी, की वेंटेला गाणे टिपायचे नव्हते, ध्वनीची तीव्रता मोजायची होती. संकेत फार क्षीण असे, पण तो वाढवायला निर्वात नळी तोवर आली होती. १९२५ पासून तबकड्या विजेच्या साहाय्याने निघू लागल्या आणि पट्टा सुमारे १०० ते ५००० हर्ट्‌झपर्यंत रुंदावला.

मिरजेचे अब्दुल करीम खाँ दोन्ही पद्धतींनी मुद्रित झाले: १९०५ च्या सुमारास कर्ण्यापुढे, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास मायक्रोफोनपुढे. तीस वर्षांत गळा बदलतो हे खरे. पण हळुवार लावलेला सूर तबकडीवर टिकणे दुसऱ्या पद्धतीतच शक्य होते.

पुढे प्रकार वाढले, तशी निवडही करावी लागू लागली. १९३० च्या दशकात आलेल्या रिबन मायक्रोफोनला पुढचे व मागचे ऐकू येते, बाजूचे जवळजवळ नाही. शिवाय तोंड जवळ नेले की खर्ज फुगतो. काही गायकांचा भारदस्तपणा त्याच्याच कृपेचा! १९४९ च्या नॉयमान यू-४७ या कंडेन्सरमध्ये चहूकडचे ऐकायचे की फक्त समोरचे, हे बटणाने ठरवता येई. तंबोऱ्याची जवारी टिपायला हलक्या पडद्याचा कंडेन्सर उत्तम. तबल्याच्या थापेसमोर मात्र अनेक ध्वनिमुद्रक दणकट डायनॅमिक मायक्रोफोन ठेवतात. त्याच्या पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते.

हा शेवटचा प्रकार वर्गात दाखवणे सोपे आहे. जुन्या रेडिओचा लहान स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरच्या मायक्रोफोनच्या खाचेत जोडा आणि त्याच्यासमोर बोला. आवाज कर्ण्याच्या तबकडीसारखाच कोंदट येईल, कारण त्याचा कागदी पडदा जड असतो.