दुर्बीण कितीही मोठी असू दे, हवा थरथरली की चित्र बिघडतं! पण ही थरथर मोजतात कशी?

कुपवाड एमआयडीसीत भर दुपारी लांबून पत्र्याच्या शेडकडे बघा. छपरावरची हवा थरथरताना दिसते. तेच पत्रे आणि स्लॅब रात्रीही उष्णता सोडत असतात. त्यांच्या वरून दुर्बिणीने गुरू पाहिला, तर तो पाण्यात बुडवल्यासारखा हलतो. दोष दुर्बिणीचा नसतो, हवेचा असतो.

सीइंग म्हणजे काय?

गरम आणि थंड हवेतून जाताना प्रकाश कमी-जास्त वाकतो. त्यामुळे ताऱ्याचा ठिपका पसरतो. हा पसारा म्हणजे ‘सीइंग’. तो आर्कसेकंदात मोजतात. एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. अडीच सेंटिमीटरचं नाणं ५ किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढा!

एवढ्याशा पसाऱ्याने काय बिघडतं?

जुन्नरजवळ आयुकाची गिरावली वेधशाळा आहे. २००६ साली सुरू झालेल्या या वेधशाळेत २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. हवा नसती, तर अशी दुर्बीण ०.०६ आर्कसेकंदापर्यंतचा तपशील दाखवू शकते. पण सीइंग १ आर्कसेकंद असेल, तर तिला १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीइतकाच तपशील दिसतो. प्रकाश मात्र ती ४०० पट गोळा करते. म्हणूनच मोठी दुर्बीण बसवण्याआधी जागेची हवा तपासावी लागते. जागा चुकली, तर कोट्यवधींचा आरसाही हतबल ठरतो.

मोजतात कसं?

यासाठी ‘डिम’ नावाचं उपकरण वापरतात. छोट्या दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोकांचं झाकण लावतात आणि एका भोकावर प्रिझम बसवतात. त्यामुळे एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतात. कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतक्या कमी वेळेचे भरपूर फोटो काढतो.

वाऱ्याने दुर्बीण हलली, तर दोन्ही प्रतिमा एकत्र हलतात. पण दोन भोकांवरची हवा वेगवेगळी थरथरते, त्यामुळे प्रतिमांमधलं अंतर बदलतं. हा बदल जितका मोठा, तितकं सीइंग खराब.

घरी ओळखता येईल का?

हो! तारे जोरात लुकलुकत असतील, तर आकाश स्वच्छ असूनही सीइंग खराब समजा. हौशी निरीक्षक ताऱ्याची प्रतिमा पाहून १ ते १० असे गुण देतात. याला पिकरिंग श्रेणी म्हणतात. १ म्हणजे सगळ्यात वाईट, १० म्हणजे उत्तम.

त्यामुळे दुर्बीण तापलेल्या स्लॅबऐवजी गवतावर किंवा मोकळ्या मातीवर लावा. आणि निरीक्षणाआधी ती थोडा वेळ बाहेर ठेवून थंड होऊ द्या.