तीस वर्षांच्या पलीकडचे बिऱ्हाड

'ऐतिहासिक पेठेत, राजवाड्यापासून पाच मिनिटांवर, संपूर्ण नूतनीकरण केलेला दोन बेडरूमचा फ्लॅट विकणे आहे. टायटल क्लिअर.' साताऱ्यात अशा छोट्या जाहिराती आता नेहमीच्या झाल्या आहेत. पेठ बदलते, मजला बदलतो, 'ऐतिहासिक' हा शब्द मात्र हटत नाही. माझी पदवी वाणिज्य शाखेची. मोडी मी नोकरी सांभाळून शिकलो आणि गेली वीस-बावीस वर्षे जुन्या घरांचे कागद वाचतो आहे. त्यामुळे अशी जाहिरात दिसली की किमतीच्या आधी मला प्रश्न पडतो, की यात ऐतिहासिक ते नेमके काय? इमारत तर चाळीस वर्षांचीही नसते.

जागा मात्र जुनी असते. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसू लागले. पेठ वसवायची म्हणजे आधी कौल द्यायचा, अशी त्या काळची रीत होती. येऊन राहणाऱ्या सावकार, उदमी आणि कसबी लोकांना काही वर्षे पट्टी माफ आणि पुढे चढती पट्टी, असे त्याचे साधारण स्वरूप असे. साताऱ्याच्या पेठांची नावे नुसती वाचली तरी वस्ती कशी झाली ते कळते. मंगळवार, शनिवार, गुरुवार या वारांच्या पेठा. यादोगोपाळ पेठ माणसाच्या नावाची. प्रतापगंज पेठ प्रतापसिंह महाराजांची आठवण सांगणारी. आणि पंताचा गोट, रामाचा गोट ही नावे तर छावणीचीच. 'गोट' म्हणजे लष्करी तळ. आज तिथे दुचाकी लावायला जागा नाही.

१८४८ मध्ये कंपनी सरकारने सातारचे राज्य खालसा केले. दरबार गेला तशी दरबारावर पोसलेली माणसेही हलली. जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाले ते याच शाळेत. राजवाड्याची शाळा झाली तशी वाड्यांची बिऱ्हाडे झाली. एका कुटुंबासाठी बांधलेल्या चौकाभोवती आठ-दहा चुली पेटू लागल्या. सोपा एकाकडे, माजघर दुसऱ्याकडे, माडीवरच्या दोन खोल्या कचेरीतल्या कारकुनाकडे. वाडा पाहायला जाणारे लोक कोरीव खांब आणि तक्तपोशी पाहून परत येतात. मला भिंतींवर मागाहून ठोकलेल्या पत्र्याच्या आणि फळ्यांच्या आडभिंती जास्त बोलक्या वाटतात.

वाडे कशाने पडले, या प्रश्नाला लोक एका शब्दात उत्तर देतात: बिल्डर. हे उत्तर अपुरे आहे. बिल्डर फार उशिरा आला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धकाळातल्या टंचाईत भाडेकरूला आधार म्हणून जे केले ते पन्नास वर्षे चालले. १९४८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येनंतर, सातारा-सांगलीकडच्या गावांतून ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्यातली कित्येक कुटुंबे शहरांच्या आसऱ्याला आली. मग कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर शेतीचे उत्पन्न गेलेल्या मालकाच्या हाती वाड्याचे भाडे तेवढे उरले. त्या भाड्यात कौले शाकारणेही होत नव्हते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींवरचा लोकांचा विश्वास तेव्हापासून डळमळला. गोठवलेले भाडे आता समर्थनीय राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १९९७ च्या डिसेंबरात. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. वीस रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे!

मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही, भिंत पोट काढते आहे. अशा वेळी १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा दोघांच्याही उपयोगी पडला. वाडा पाडायचा, वर मजले चढवायचे, मालकाला दोन-तीन फ्लॅट, भाडेकरूला एखादी खोली किंवा रोख रक्कम, बाकीचे विकायचे. विकत घेणाऱ्याला फ्लॅटबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो. अमुक टक्के, दशांश चिन्हानंतर दोन आकडे. माझ्या मते शाहूकालीन जे काही खरेदीदाराच्या हाती येते, ते एवढेच.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक फ्लॅट मी पाहून आलो. एजंट तरुण, बोलका. "काका, सगळं नवीन आहे बघा. वायरिंग, टाइल्स, सीलिंग. सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा, एकदम क्लीन." पार्किंगमध्ये कोपऱ्यात एक दगडी तळखडा होता. वरचा सागवानी खांब केव्हाच गेला. तळखड्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही उभे आहात ना, तिथं आमची मोरी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सात बिऱ्हाडं होती वाड्यात. भाडं अठरा रुपये."

ही सात बिऱ्हाडे सर्च रिपोर्टात कुठे आहेत? नाहीत. वकील दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोनवरून खरेदी, गहाण, वाटणी, बक्षीस शोधतो. मिळकत पत्रिकेवर धारकाचे नाव पाहतो. हे सारे मालकांचे कागद. भाडेकरूची पावती कुठे नोंदवली जात नाही. आजींचे घर साठ वर्षे त्या जागेत होते आणि हक्काच्या कागदांत त्यांचा मागमूस नाही. नव्या खरेदीखतातली चतुःसीमाही तशीच मुकी. जुन्या खतांत 'पूर्वेस अमक्याचे परडे, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तमक्याची भिंत' असे शेजार सापडत. आता चारी बाजूंना सि.स. नंबर असतात.

पण एक वही आहे. सातारा नगरपालिका १८५३ ची. घरपट्टी बसवण्यासाठी पालिका घरोघर पाहणी करते. अलीकडच्या कायद्यात ती चार वर्षांनी करायची असते. या आकारणीच्या नोंदवहीत मालकाच्या रकान्याशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. कोणत्या खोलीत कोण राहते, वापर राहण्याचा की दुकानाचा, वार्षिक भाडे किती. पट्टी ठरवायला लिहिलेली ही माहिती पेठेचा खरा इतिहास सांगते. एका घराच्या लागोपाठच्या आकारण्या एकाखाली एक मांडल्या, की शिंपी जाऊन शिक्षक आलेला दिसतो, विधवेच्या नावावरची खोली मुलाच्या नावावर झालेली दिसते, आणि शेवटी सातही नावे एकदम नाहीशी होऊन 'बांधकाम चालू' असा शेरा येतो.

हे ताडून पाहायला मी सांगलीला जाऊ लागलो, कारण त्या शहराचा पिंड वेगळा. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि सांगली संस्थानाची राजधानी झाली. संस्थान १९४८ पर्यंत टिकले, त्यामुळे वाड्यांची घडी साताऱ्यापेक्षा शंभर वर्षे उशिरा मोडली. पण सांगलीच्या गावभागात फ्लॅट बघायला येणारा माणूस इतिहासाची चौकशी करत नाही. तो विचारतो, "२०१९ ला पाणी कुठवर होतं?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूर वेगळेच. भिंतीवरची पुराची रेघ नवा रंग देऊन झाकतात आणि त्यालाही नूतनीकरण म्हणतात. साताऱ्यात जुनेपणाने किंमत चढते, तर सांगलीत तोच जुना, नदीकाठचा भाग किंमत उतरवतो.

कागदांच्या बाबतीत हा मुलूख नशीबवान. वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. त्यातले कागद वाईला मिळालेले. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरावर आयुष्य घातले. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यात बसून संग्रह उभा केला, तो पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. या थोरांनी सरदारांचे, पेशव्यांचे, स्वाऱ्यांचे कागद वाचवले आणि त्यांच्या काळात तेच करणे बरोबर होते. भाडेपावत्यांचा गठ्ठा त्यांच्याही हाती लागला असता तर बहुधा बाजूला पडला असता. आज वाडा उतरवताना माळ्यावरून रुमालात बांधलेले दप्तर निघाले, तर निदान कुणीतरी विचारते की यात मोडी आहे का. पावत्या, रेशनकार्डे, घरपट्टीची बिले सरळ रद्दीत जातात.

साताऱ्याच्या एका पेठेतल्या सोळा घरांच्या भोगवटादारांच्या याद्या मी आजवर तयार केल्या आहेत. एकेका यादीला दोन-तीन महिने लागतात, कारण घरक्रमांक मधूनमधून बदललेले असतात. सांगलीतल्या चार घरांपैकी दोनच पुऱ्या झाल्या. उरलेल्या दोन घरांचे कागद मालकांनी तळमजल्यावरच्या कपाटात ठेवले होते. पुरानंतर ते उन्हात वाळवले, पण पाने एकमेकांना चिकटली आहेत. ती सुटी करता येतील का, हे विचारायला येत्या डिसेंबरात पुण्याला जायचे आहे.