माडाखालचा माड

म्हाताऱ्या माडाला नारळ कमी धरू लागले, तरी बागायतदार त्याला कुऱ्हाड लावायला धजत नाही. नवा माड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात; तोवर घर चालायचे कशावर? म्हणून जुन्या माडांच्या मधल्या जागेत नवी रोपे लावायची, अशी तोड केरळात आणि श्रीलंकेत निघाली. या सावलीची किंमत उमगायला मात्र बराच काळ जावा लागला.

आपल्याकडे माडावरचे शास्त्रीय संशोधन 1916 साली मद्रास इलाख्याच्या शेती खात्याने कासरगोड परिसरात सुरू केले. श्रीलंकेत 1928 च्या कायद्यानुसार लुनुविला येथे संशोधनाची सोय झाली. पण भाताचा प्रयोग चार महिन्यांत संपतो, माडाचा नाही. पोयीचा अंकुर शेंड्यात धरल्यापासून ती उमलेपर्यंत सुमारे 32 महिने जातात. पुढे नारळ तयार व्हायला जवळजवळ वर्ष. म्हणजे आजच्या सावलीचा परिणाम साडेतीन वर्षांनंतरच्या काढणीतही दिसतो.

1970 नंतर कासरगोडला दोन मोजमापे झाली. माडाची बहुतेक मुळे बुंध्यापासून सुमारे दोन मीटरच्या आत असतात, हे पहिले. दुसरे असे, की भर तारुण्यातल्या बागेत जमिनीपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा ऊन पोचते, तर चाळिशी उलटलेल्या बागेत निम्म्याच्या आसपास. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील केंद्राच्या ‘लाखी बागे’त माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी वाढतात, त्या याच मोकळ्या जागेत.

मग तिथे माडच का वाढू नये? कारण माड हे उन्हाचे झाड. सावलीत त्याचे रोप जगते, पण उंच व किरकोळ होते; झावळ्या सावकाश येतात. एका झावळीच्या बेचक्यात एकच पोय धरते. झावळ्या कमी, तर घडही कमी, आणि पहिली पोयही उशिरा.

म्हणून आधी कमी फळणारे आणि मग उरलेले जुने माड काही वर्षांत टप्प्याटप्प्याने काढावेत, असा सल्ला पुढे आला. लोभाने दोन्ही पिढ्या राखल्या, तर नुकसान नव्या पिढीचे होते.

गळलेली प्रत्येक झावळी खोडावर वण ठेवते. उघड्यावरच्या आणि सावलीतल्या माडांच्या वणांमधली अंतरे मुलांना मोजायला सांगा. माडाने भोगलेली सावली त्यांना तिथेच वाचता येईल.