काचेतील लोह

खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा डोळ्यांसमोर धरला तर तो निर्वर्ण दिसतो. तोच तुकडा आडवा करून त्याच्या कडेतून पाहावे, तर तो हिरवट भासतो. हा हिरवेपणा लोहाचा. काच ज्या वाळूपासून होते तिच्यात लोह थोडेफार असतेच, आणि भट्टीच्या आचेने ते नाहीसे होत नाही. काचकारांनी शतकानुशतके या लोहाशी वैर केले. त्या वैराचा एक अध्याय महाराष्ट्रात घडला आहे, म्हणून त्यापासूनच प्रारंभ करतो.

अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभारलेल्या निधीची कथा श्रोत्यांना ठाऊक असेल. लोकमान्य टिळकांचे पाठबळ त्या निधीला लाभले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय या परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेल्या तज्ज्ञाने तेथे विद्यार्थी तयार केले. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला. त्याच्या भोवतीची वस्ती ओगलेवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि तेथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचला. ते कारखाने आज इतिहासजमा झाले आहेत.

ही कथा आपण नेहमी त्यागाची आणि वर्गणीची म्हणून सांगतो. तिची रासायनिक बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती कमी महत्त्वाची नाही. देशभक्तीने ग्राहक एकदा दुकानात येई; दुसऱ्यांदा येण्यासाठी बरणी परदेशी बरणीइतकी स्वच्छ दिसावी लागे. त्यासाठी आधी पांढरी वाळू हवी. अलाहाबादकडील लोहगरा आणि बरगड येथील वाळूचा लौकिक झाला तो याच कारणाने. आपल्याकडे कणकवली तालुक्यातील कासार्ड्याची वाळूही काचेच्या कामाची आहे. वाळू निवडूनही उरलेल्या लोहावर काचकारांचा जुना उपाय म्हणजे मँगॅनीज. त्याला ते काचेचा साबण म्हणत. वस्तुतः साबण काही धूत नाही. मँगॅनीज आपल्यातला ऑक्सिजन लोहाला देते, त्यामुळे हिरवट-निळ्या फेरस लोहाचे फिकट पिवळे फेरिक होते. आणि मँगॅनीजची स्वतःची जांभळी छटा त्या पिवळेपणावर पडून दोन्ही डोळ्यांना जाणवेनासे होतात. वर्षानुवर्षे उन्हात पडलेल्या जुन्या बाटल्या जांभळ्या होतात, त्या या साबणापायीच.

आता वर्णपटमापकाने या दोन लोहांची झडती घेतली म्हणजे मोठी मौज दिसते. फेरिक लोह प्रकाश गिळते ते जांभळ्या टोकाला. फेरसचा मोठा घास मात्र डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे, सुमारे एक मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरींत असतो. सूर्याच्या शक्तीचा जवळजवळ निम्मा भाग अवरक्तच आहे. म्हणजे ज्या लोहाने काच डागाळते, तेच लोह ऊन अडवू शकते.

हा गुण नीट खुलतो तो वाळूऐवजी फॉस्फरसच्या आम्लावर रचलेल्या काचेत. अशा काचांचे प्रयोग इंग्लंडात विल्यम व्हर्नन हारकोर्ट या धर्मोपदेशकाने १८३४ पासून चालविले होते. स्टोक्ससारखा गणिती पुढे त्यांच्या साहाय्याला आला. फॉस्फेट काच ओलाव्याने लवकर बिघडते, त्यामुळे हे काम जिकिरीचे होते. १८८४ मध्ये येना येथे ऑटो शॉट यांनी आबे आणि झाइस यांच्यासह काचशाळा काढली, तेव्हा या वाटेला पद्धतशीर रूप आले. फेरिक क्लोराइडच्या पिवळ्या द्रावणात फॉस्फोरिक आम्ल घातले की रंग उडतो, हे महाविद्यालयात प्रत्येकाने पाहिलेले असते. काचेतही फॉस्फेट लोहाचा पिवळेपणा असाच दडवते आणि फेरसची उष्णता गिळण्याची शक्ती राखते. प्रक्षेपकाच्या प्रखर दिव्यापुढे चित्र करपू नये म्हणून अशा काचेचा पडदा लावीत.

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याने निघालात तर रामानुजाचार्यांच्या श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. १९९८ पासून तेथे मोटारी तयार होतात, आणि श्रीपेरुंबुदूरला २००० साली सेंट-गोबेनची सपाट काचेची मोठी भट्टी पेटली. ही काच फॉस्फेटची नव्हे, वाळू-सोडा-चुन्याचीच. परंतु मोटारीच्या हिरवट काचेत लोह मुद्दाम घातलेले असते: साध्या काचेत लोहभस्म शेकडा एक दशांशाच्या आसपास, तर येथे त्याच्या कित्येक पट. शिवाय त्यातला मोठा वाटा फेरस राहील अशी भट्टी सांभाळावी लागते. म्हणजे तळेगावकरांनी जे केले असते त्याच्या नेमके उलट. तामिळ देशातील वैशाखवणव्यात त्या हिरव्या छटेची किंमत कळते.

वैर मात्र अजून एका ठिकाणी शिल्लक आहे. निओडिमियम घातलेल्या फॉस्फेट काचेतून शक्तिमान लेसर किरण काढतात. ही काच कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेने आपल्या देशातही तयार केली आहे. तिचा किरण सुमारे १.०५ मायक्रॉनचा, म्हणजे अगदी फेरस लोहाच्या तोंडचा. तेथे दशलक्ष भागांत लोहाचे थोडे भाग राहिले तरी ते किरण गिळू लागतात. तेव्हा या कामाला लागलेल्या रसायनज्ञाची पहिली तपासणी कच्च्या मालात लोह किती, हीच असते.