आघातोत्तर तणाव विकार व नैराश्य यांवरील आनुवंशिक प्रभाव

आघातोत्तर तणाव विकार व नैराश्य यांवरील आनुवंशिक प्रभाव हा मनोविकारशास्त्र व जनुकशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. भूकंप, युद्ध, अपघात, अत्याचार यांसारख्या आघातांतून वाचलेल्यांपैकी काहींनाच दीर्घकाळ टिकणारे मानसिक विकार का होतात आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती असतो, याचा विचार या विषयात केला जातो. उपलब्ध संशोधनानुसार हा वाटा लक्षणीय असला, तरी तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे. आघाताची तीव्रता व त्यानंतर मिळणारा आधार हे घटकही तितकेच महत्त्वाचे मानले जातात.

विकारांचे स्वरूप

आघातोत्तर तणाव विकारात घडलेला प्रसंग आठवणींतून किंवा दुःस्वप्नांतून पुन्हा पुन्हा अनुभवास येतो. रुग्ण त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळतो, सतत सावध राहतो, दचकतो व त्याची झोप उडते. ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवनात अडथळा आणू लागल्यास हे निदान केले जाते. अशा रुग्णांपैकी अनेकांना नैराश्यही असते.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली व हजारो लोक मृत्युमुखी पडले. दगड-मातीच्या जड भिंती व माळवदाची छते झोपेत असलेल्या लोकांवर कोसळल्याने प्राणहानी वाढली. भूकंपानंतर सुमारे महिन्याभराने वाचलेल्यांची मानसिक तपासणी करण्यात आली. तिचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक विकार आढळले. त्यांत आघातोत्तर तणाव विकार व नैराश्य हे प्रमुख होते. स्त्रियांत आणि मालमत्ता नष्ट झालेल्यांत हे प्रमाण अधिक होते. हा अभ्यास आनुवंशिकतेचा नव्हता. मात्र एकाच भूकंपातून वाचलेल्यांपैकी काहींना विकार झाला व काहींना झाला नाही, ही बाब त्यातून स्पष्ट झाली.

जुळ्यांचे व कुटुंबांचे अभ्यास

एकयुग्मज जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात, तर द्वियुग्मज जुळ्यांत सरासरी निम्मीच सामाईक असतात. एखादा विकार एकयुग्मज जोड्यांतील दोघांनाही होण्याचे प्रमाण अधिक असल्यास त्यामागे आनुवंशिकता असल्याचे अनुमान काढता येते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेल्या ४,००० हून अधिक जुळ्या जोड्यांचा अभ्यास १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला. आघातोत्तर तणावाच्या बहुतेक लक्षणांतील फरकांपैकी सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिक असल्याचा निष्कर्ष त्यात निघाला. पुढे याच जोड्यांच्या अभ्यासातून नैराश्य व आघातोत्तर तणाव विकार यांमागील जनुकीय घटक मोठ्या प्रमाणात सामाईक असल्याचे दिसून आले.

किल्लारीच्या परिस्थितीशी सर्वांत जवळचा अभ्यास आर्मेनियातील आहे. तेथे ७ डिसेंबर १९८८ रोजी स्पिताक परिसरात विनाशकारी भूकंप झाला. त्यातून वाचलेल्या १२ बहुपिढी कुटुंबांतील २०० व्यक्तींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आनुवंशिकतेचे प्रमाण आघातोत्तर तणावाच्या लक्षणांसाठी ४१ टक्के, चिंतेसाठी ६१ टक्के व नैराश्यासाठी ६६ टक्के आढळले.

जनुकीय संशोधन

सुरुवातीच्या संशोधनात सेरोटोनिन व डोपामिन या मेंदूतील रसायनांशी संबंधित मोजक्या जनुकांवर भर होता. त्यांतील अनेक निष्कर्ष मोठ्या अभ्यासांत टिकले नाहीत. ताणसंप्रेरकांच्या नियमनाशी संबंधित एफकेबीपी५ या जनुकाचा २००८ मधील अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. या जनुकाचे काही प्रकार आणि बालपणी झालेला छळ हे दोन्ही एकत्र आल्यास प्रौढपणी लक्षणे तीव्र असल्याचे त्यात आढळले; केवळ जनुकप्रकाराचा तसा परिणाम दिसला नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित विश्लेषणात आघातोत्तर तणाव विकाराशी संबंधित ९५ जनुकीय स्थाने ओळखली गेली. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प आहे. या माहितीत युरोपीय वंशाच्या व्यक्तींचा वाटा फार मोठा असल्याने भारतीय लोकसंख्येस हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

अर्थ व गैरसमज

४१ टक्के आनुवंशिकता याचा अर्थ एखाद्या व्यक्तीच्या आजाराचा ४१ टक्के भाग जनुकांमुळे आहे, असा होत नाही. ही संख्या विशिष्ट समूहातील व्यक्ती-व्यक्तींमधील फरकांविषयी असते. परिस्थिती बदलल्यास तीही बदलते. कोणतीही जनुकीय चाचणी आघातानंतर कोणाला विकार होईल हे निश्चित सांगू शकत नाही. ‘घराण्यातच वेड आहे’ अशा समजुतीमुळे विवाहसंबंधांत अडचणी येतात व आजार लपवला जातो. या समजुतीस संशोधनाचा आधार नाही. कुटुंबात पूर्वी नैराश्य आढळले असल्यास आघातानंतर त्या व्यक्तीकडे लवकर लक्ष देणे, एवढाच त्याचा व्यावहारिक उपयोग आहे. आनुवंशिक प्रवणता असली तरी आघातकेंद्री मानसोपचार व औषधोपचार परिणामकारक ठरू शकतात.

परभणी जिल्हा

मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात दुष्काळ, कर्जबाजारीपणा व शेतकरी आत्महत्या यांमुळे मानसिक आरोग्याचा प्रश्न गंभीर आहे. कर्त्या व्यक्तीची आत्महत्या हा मागे राहिलेल्या कुटुंबासाठी स्वतंत्र आघात असतो. अशा कुटुंबांत आनुवंशिक प्रवणता, शोक व आर्थिक संकट एकत्र येऊ शकतात. त्यामुळे केवळ एका घटकाकडे बोट दाखवता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात परभणीसह मराठवाड्यातील सर्व जिल्हे होते. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्यांना शोधणे व त्यांना समुपदेशन आणि उपचारांपर्यंत पोहोचवणे, असे त्याचे स्वरूप होते.

१९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोली जिल्ह्यात मार्च व जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. त्यांचे धक्के परभणीतही जाणवले. जुन्या आघाताची आठवण करून देणाऱ्या अशा घटनांनी शमलेली लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ या दूरध्वनी सेवेद्वारे १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.