वाघोलीचा दगड आणि गौण खनिजाचा कायदा : महसूल, उद्योग व श्रम यांच्या संबंधांचा आढावा

प्रस्तावना

राज्याच्या कायद्यांनी उद्योगधंद्यांना कसे वळण दिले याची चर्चा करताना मुंबईच्या कापड गिरण्या, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम किंवा १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांचा उल्लेख प्रामुख्याने होतो. त्या मानाने दगडखाण आणि खडी उत्पादन हा व्यवसाय अभ्यासकांच्या दृष्टीआड राहतो. वस्तुतः शहर ज्या दगडावर उभे राहते, तो दगड काढणारा व फोडणारा उद्योग हा राज्याच्या कायद्याशी सर्वांत जुने नाते असलेला उद्योग होय. पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील हवेली तालुक्यातील वाघोली हे या नात्याचे ठळक उदाहरण आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेल्या वाघोली, भावडी, लोणीकंद या पट्ट्यातील खाणींनी व खडी क्रशरनी वाढत्या पुण्याला खडी, डबर व मुरूम पुरविला. या उद्योगाचे नियमन करणारा कायदा कोणत्या हेतूने जन्माला आला आणि त्याच्या कक्षेत कोण आले व कोण बाहेर राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महसुली कायद्यातील दगड

दगडावरील राज्याच्या हक्काची सुरुवात औद्योगिक कायद्यातून झालेली नसून ती जमीन महसुलाच्या कायद्यातून झालेली आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ६९ ने बिनदुमाला जमिनीतील खाणी व खनिज पदार्थांवरील सरकारचा हक्क राखून ठेवला. मात्र जमीनधारकाच्या त्या वेळी अस्तित्वात असलेल्या हक्कांना त्याने बाध आणली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्या कलम ४८ ने जमिनीतील खनिजांवरील राज्य शासनाचा हक्क अधिक व्यापक शब्दांत नमूद केला आणि अनधिकृत उत्खननासाठी खनिजाच्या बाजारभावाच्या पटीत दंड आकारण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना दिला. हा दंड प्रारंभी तिपटीपर्यंत होता. पुढील दुरुस्तीने तो पाचपटीपर्यंत नेण्यात आला.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. कारखानदाराचा शासनाशी संबंध कारखाना निरीक्षक, कामगार आयुक्त, विक्रीकर अधिकारी अशा अनेक कार्यालयांमार्फत येतो. खाणमालकासाठी मात्र शासन म्हणजे प्रथम तलाठी, तहसीलदार व जिल्हाधिकारी. उद्योग म्हणून नव्हे, तर महसुलाचे साधन म्हणून या व्यवसायाची नोंद झाली. त्याचे परिणाम दूरगामी ठरले.

गौण खनिज नियम आणि खाण व्यावसायिक

भारतीय संविधानाने खाणींचे नियमन राज्यसूचीत (नोंद २३) ठेवले; परंतु ते केंद्रसूचीतील नोंद ५४ च्या अधीन आहे. त्यानुसार संसदेने केलेल्या १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व नियमन) अधिनियमाने इमारतीचा दगड, ग्रॅव्हल, साधी माती, साधी वाळू इत्यादींना ‘गौण खनिज’ ठरविले आणि कलम १५ अन्वये त्यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला. ‘गौण’ हा शब्द खनिजाच्या राष्ट्रीय महत्त्वाविषयी आहे. तो खनिज काढणाऱ्यांच्या कष्टांविषयी वा परिसरावर होणाऱ्या परिणामांविषयी नाही. तथापि व्यवहारात सारा विषयच गौण मानला गेला, असे म्हणण्यास जागा आहे.

पश्चिम महाराष्ट्रात १९५५ चे मुंबई गौण खनिज उत्खनन नियम दीर्घकाळ लागू होते. विदर्भ व मराठवाड्यासाठी स्वतंत्र नियम होते. ही विविधता महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ ने संपुष्टात आणली. या सर्व नियमांची मूळ चौकट मात्र समान राहिली. दीर्घ मुदतीसाठी खाणपट्टा आणि मर्यादित परिमाणासाठी अल्पमुदतीचा परवाना अशी तिची रचना आहे. उत्खननाचे मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या एककात होते. प्रत्येक ब्रासमागे स्वामित्वधन भरावे लागते आणि वाहनासोबत वाहतूक पास ठेवावा लागतो. स्वामित्वधनाचा दर तीन वर्षांतून एकापेक्षा अधिक वेळा वाढविता येणार नाही, अशी तरतूद केंद्रीय अधिनियमात असल्यामुळे व्यावसायिकाला काही प्रमाणात स्थैर्य लाभले.

या चौकटीतील एक तरतूद विशेष उद्बोधक आहे. परंपरेने दगड फोडणाऱ्या वडार समाजाला व माती वापरणाऱ्या कुंभारांना ठरावीक मर्यादेपर्यंत स्वामित्वधनातून सवलत देण्यात आली. याचा अर्थ, स्वतःच्या हातोडा-पहारीने दगड काढून विकणारा कारागीर कायद्याला परिचित होता. परंतु सुरुंग, कॉम्प्रेसर व विजेवर चालणारे क्रशर आल्यानंतर तोच दगडफोड्या अनेक ठिकाणी मजूर झाला. उत्पादक म्हणून सवलतीस पात्र असलेला माणूस मजूर होताच गौण खनिजाच्या नियमांतून जवळजवळ अदृश्य झाला.

खाणकामगार : दोन कायद्यांच्या मधली जागा

खाणकामगाराचे संरक्षण हा केंद्रीय कायद्याचा विषय राहिला. १९५२ च्या खाण अधिनियमाच्या कलम ३ ने इमारती दगडाच्या व खडीच्या लहान खाणींना बहुतांश तरतुदींतून वगळले होते. उघड्या खाणीची खोली सहा मीटरपेक्षा अधिक नाही, कोणत्याही एका दिवशी पन्नासपेक्षा अधिक माणसे कामावर नाहीत आणि स्फोटकांचा वापर होत नाही, या तिन्ही अटी पूर्ण झाल्यास ही सूट मिळे. म्हणजे जेथे सुरुंग लावला जातो तेथे सूट लागू होत नव्हती. कागदावरील ही रेषा स्पष्ट होती. परंतु खाणपट्टा देणारे महसूल खाते राज्याचे आणि सुरक्षा पाहणारी यंत्रणा केंद्राची, अशी विभागणी असल्यामुळे त्या रेषेवर लक्ष ठेवणारा एकच अधिकारी नव्हता.

या उणिवेवर सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चा विरुद्ध भारत संघ या प्रकरणात डिसेंबर १९८३ मध्ये बोट ठेवले. हरियाणातील फरिदाबाद भागातील दगडखाणींसंबंधीच्या या निकालाने, खाणपट्टा देणाऱ्या राज्य शासनाला तेथील मजुरांच्या स्थितीविषयीची जबाबदारी टाळता येणार नाही, हे तत्त्व दृढ केले. खाण अधिनियम पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

वाघोलीत या पोकळीला प्रथम प्रतिसाद मिळाला तो शाळेच्या रूपाने. स्थलांतरित खाणमजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने खाणींच्या परिसरातच ‘पाषाण शाळा’ चालविल्या. मूल शाळेपर्यंत पोहोचत नाही, तर शाळा खाणीपर्यंत गेली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. दगडाच्या प्रत्येक ब्रासची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत मजुराच्या मुलाच्या नोंदीसाठी स्वयंसेवी संस्थेला पुढे यावे लागले, ही बाब कायद्याच्या रचनेवर पुरेसा प्रकाश टाकते.

न्यायालये, पर्यावरण आणि नवे दायित्व

एकविसाव्या शतकात या क्षेत्राला वळण देण्याचे कार्य मुख्यतः न्यायालयांनी केले. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या २०१२ च्या निर्णयानंतर पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक झाली. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. कारण तोपर्यंत महसुली परवाना हाच व्यवसायाचा मुख्य आधार होता. पुण्याच्याच बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने महाराष्ट्र शासनाविरुद्ध लढविलेल्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मर्यादा स्पष्ट केली. पायासाठी माती खोदली एवढ्यावरून स्वामित्वधन व दंड आकारता येणार नाही. त्या मातीचा वापर ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्रीय अधिसूचनेत बसतो किंवा कसे, हे पाहिले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. मागणाऱ्या अधिकाऱ्यानेही कायद्याच्या शब्दांशी बांधील राहिले पाहिजे, हा त्याचा बोध होय.

२५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने स्वामित्वधन हा कर नाही, असा निर्वाळा दिला. स्वामित्वधन ही खनिजाच्या उपभोगाबद्दल पट्टेदाराने द्यावयाचा मोबदला असेल, तर तो मोबदला ज्या भूमीतून व ज्या श्रमातून निर्माण झाला त्यांचा त्यातील वाटा कोणता, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे अंशतः उत्तर २०१५ च्या दुरुस्तीत मिळते. तिने खाणबाधित व्यक्ती व क्षेत्रांच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद केली आणि गौण खनिजधारकांकडूनही अंशदान घेण्याचा अधिकार राज्यांना दिला. खनिजाच्या पैशातून खाणीच्या गावासाठी काही राखून ठेवण्याची ही तरतूद १८७९ च्या संहितेनंतर सुमारे एकशे छत्तीस वर्षांनी आली.

समारोप

३० जून २०२१ रोजी वाघोलीसह तेवीस गावांचा पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. ज्या गावाच्या दगडाने शहर वाढले, ते गावच शहराचा भाग बनले. खाणींच्या शेजारी निवासी संकुले आली की धूळ, हादरे व अवजड वाहतूक यांविषयीचे प्रश्न तीव्र होतात आणि खडी उत्पादकाला व्यवसाय अधिक दूर न्यावा लागतो. मागे राहतात ते पावसाच्या पाण्याने भरणारे खड्डे आणि कामाच्या शोधात पुन्हा स्थलांतर करणारे मजूर.

या आढाव्यावरून असे दिसते की, गौण खनिजाच्या कायद्याचे अपयश त्याच्या कठोरपणात वा सौम्यपणात नाही. खाणपट्टा, पर्यावरण आणि श्रम यांचे नियमन तीन वेगवेगळ्या कागदांवर झाले आणि त्यांतील महसुलाचा कागदच प्रथम वाचला गेला. खाणपट्टा देतानाच मजुरांची नोंद, सुरक्षेची पूर्तता आणि खड्ड्याच्या पुनर्वापराची योजना या बाबी स्वामित्वधनाइतक्याच काटेकोरपणे तपासल्या गेल्या, तर प्रामाणिक व्यावसायिकालाही निश्चित नियमांचा लाभ होईल. पुण्याभोवतीच्या ज्या गावांत आज नव्या खाणी सुरू होत आहेत, त्यांच्यासाठी वाघोलीच्या इतिहासाचा हाच धडा होय.